अर्धी वेणी

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. पन्नाशी उंबरठ्याशी आली, कानशिलं पांढरी झाली, तरी नाव काही मोठं झालं नाही. दंतवैद्यांकडून साचे यायचे आणि त्यावरून ती कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, तिरपा वाटला तर पुन्हा काढायचा, पुन्हा बसवायचा. सव्वीस वर्षं हेच काम. हात इतका बसलेला, की डोळे मिटूनही सुळा कुठला आणि दाढ कुठली ते तिला कळायचं.

त्या मंगळवारी पहाटे तिला स्वप्न पडलं. लहानपणचं स्वयंपाकघर. ती स्टुलावर बसलेली, सहा-सात वर्षांची, आणि मागे उभी राहून ताई तिची वेणी घालतेय. केस ओढले जात होते. "ओढू नको ना," ती म्हणाली. "मान सरळ ठेव," ताई म्हणाली. मग हात थांबले. वेणी अर्धीच झालेली. धाकटी मान सरळ ठेवून वाट बघत राहिली. मागे वळून बघायची सोय नव्हती, कारण ताईने बजावलं होतं. पण मागे कुणी नाही, हे तिच्या पाठीला कळत होतं.

एवढंच. ना भूत, ना आग, ना पडझड. तरी ती जागी झाली तेव्हा उशी ओली होती.

"ताई गेली बहुतेक," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुठे?"

"गेली म्हणजे गेली."

नवरा उठून बसला. "पहाटेची स्वप्नं खरी झाली असती, तर मी आजवर गणितात चाळीस वेळा नापास झालो असतो," तो म्हणाला. पण ती हसली नाही, तेव्हा त्याने गुपचूप उठून चहा ठेवला.

तिच्यासमोर ताईचं नाव काढायचं नाही, हे घरातलं अलिखित कलम होतं. एकोणीस वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आई वारली तेव्हा धाकटीला सातवा महिना होता. त्याआधी दोनदा गर्भ राहून पडलेला. डॉक्टरांनी अंथरुणाला खिळवून ठेवलेलं. ताई नर्स, ती आईपाशी होती. आई गेली, सगळं उरकलं, आणि चौथ्या दिवशी ताईने फोन करून सांगितलं. "तुला धक्का बसू नये म्हणून," ती म्हणाली. धाकटीने फोन ठेवला तो ठेवलाच. आईचं शेवटचं तोंड बघू दिलं नाही, ही गोष्ट तिच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकून बसली.

आता त्या स्वप्नाने मात्र वेगळंच केलं. राग जसाच्या तसा होता, पण मानेमागून, केसांतून कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं वाटत राहिलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. स्वप्नं कशी दात घासेपर्यंत विरून जातात. हे विरेना. गुरुवारी तिने एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. शेजारच्या टेबलावरचे मास्तर, ज्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली होती, चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. घरी सगळं ठीक आहे ना?"

"स्वप्न पडलं, मास्तर."

"मग इथे काय करताय? साचा कुठे पळून जात नाही."

शुक्रवारी सकाळी तिने दोन तासांची बस धरली. पत्ता ठाऊक होता. वाटभर तिने मनाची तयारी केली. कुलूप असेल, शेजारीण दार उघडेल, हळहळेल.

दार ताईनेच उघडलं. हातात रबरी हातमोजे, बाह्या वर खोचलेल्या, अंगाला साबणाचा वास. मोरी तुंबली होती. ताईने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

धाकटीला एकदम लाज वाटली. "स्वप्न पडलं," ती म्हणाली. "तू... मला वाटलं तुला काही झालं."

ताईचा चेहरा आधी कोरा राहिला, मग लाल झाला. "एकोणीस वर्षं मी धडधडीत जिवंत होते, तेव्हा आली नाहीस. आणि स्वप्नात मेले, तर धावत आलीस?"

धाकटी उंबऱ्यातच उभी. ताईने हातमोजे ओढून काढले आणि ती बाजूला झाली. "ये. बस."

खोली नीटनेटकी होती. रुग्णालयातली शिस्त घरातही उतरलेली. चादरीला सुरकुती नाही, औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे. पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवून ताई समोर बसली आणि तळहात चोळू लागली.

"मलाही पडतं एक," ती म्हणाली. "मी तुला फोन लावतेय. शेवटचा आकडा आठवत नाही. आई पलंगावरून म्हणते, लाव ना. मी पुन्हा पहिल्यापासून लावते. एवढी वर्षं तेच. उठल्यावर दिवसभर बोट दुखतं, खरंच दुखतं."

"आईने मला बोलवायला सांगितलं होतं?"

"दिवसभर. मी लावला होता फोन. तिकडे घंटा वाजली आणि मी ठेवून दिला. वाटलं, आई तर जाणारच आहे. तुझ्या पोटातलं जायला नको." ताईचा आवाज नर्सचाच राहिला, सपाट. "संध्याकाळी तिने विचारलं, धाकटी आली का? मी म्हटलं, येतेय, वाटेत आहे. तेव्हा म्हणाली, माझी कवळी दे. धाकटी येईल, बोळकं बघून घाबरेल. मी कवळी धुऊन बसवली. तशीच गेली ती. तुझी वाट बघत, तू केलेले दात लावून."

ती कवळी धाकटीने केलेली पहिली कवळी होती. मास्तरांनी तीनदा मोडायला लावलेली.

ती ताडकन उठली. पिशवी उचलली. "हे मला तेव्हाच सांगायचं होतंस! ती माझी वाट बघत गेली, आणि तू..." ताई खाली मान घालून बसली होती. दारापर्यंत जाऊन धाकटी थांबली. खाली जिन्यात कुणीतरी बादली आपटली. ती परत आली आणि बसली.

"सकाळपासून सांग," ती म्हणाली. "काहीही गाळू नको."

ताईने सांगितलं. नर्स सांगते तसं, तासातासाने. श्वास केव्हा बदलला, ओठांना ओला कापूस किती वेळा लावला, आई मध्येच कशावर हसली, कुठल्या कुशीवर वळवायला सांगितलं. दुपार उलटून गेली. धाकटी रडली, मग ताई रडली. दोघी एकाच वेळी मात्र रडल्या नाहीत. माफ केलं असं कुणी म्हटलं नाही, माफी कुणी मागितलीही नाही. ताई सांगतासांगता खुर्चीतच पेंगली, तेव्हा धाकटीने हातमोजे चढवले आणि मोरी मोकळी केली.

निघताना ताईने विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"तुझ्यासारखी. हुकूम सोडते."

पुढच्या महिन्यात ताई आली. बसथांब्यावर धाकटीच्या शेजारी एकोणीस वर्षांची उंच मुलगी उभी होती. जिच्यासाठी एवढं सगळं झालं, ती ही. ताई बसच्या शेवटच्या पायरीवर आली आणि तिथेच खिळली. मुलीला काय करावं कळेना. मग तिने पुढे होऊन बॅग घेतली.

"मावशी, सावकाश," ती म्हणाली. "खाली खड्डा आहे."