आजोबांचे नाक

मित्रांनो, मी एक जुना मास स्पेक्ट्रोमीटर आहे. नाव घेताना जीभ अडखळली तरी वाईट वाटून घेऊ नका. प्रयोगशाळेत मला सगळे 'आजोबा'च म्हणतात.

कारखान्यात मला जोडले, तेव्हा आधी माझ्या पोलादी पोटातली हवा काढून टाकली. आत हवा असली की मला काम सुचत नाही, आणि काम तर हवेचेच! झाडांचा सुगंध, गाड्यांचा धूर, जळत्या लाकडांची वाफ, हे सारे उन्हात बदलत जाते. त्यातल्या काहींचे आम्ल बनते आणि ते धुळीहून बारीक कणांवर जाऊन बसते. गच्चीवरचा पंप ते कण पांढऱ्या गोल फिल्टरवर पकडतो. फिल्टर तापवला की आम्लांची वाफ माझ्याकडे येते. मी एकेका रेणूचे वजन करतो आणि पडद्यावर त्याच्या नावाचा सुळका उभा करतो. थोडक्यात, मी शहराचे नाक आहे. फक्त मी ते मुरडत नाही.

मला सांभाळते ती ताई. माझ्या नळ्या पुसताना ती माझ्याशी बोलते, आणि पंपाची घरघर जरा बदलली तरी हातातला चहा ठेवून धावत येते. तिचा एकच हट्ट असतो, "आधी कोरा!" म्हणजे भट्टीत भाजून स्वच्छ केलेला, हवेत न नेलेला फिल्टर आधी मला द्यायचा. त्यावर काही दिसले नाही, तरच पुढचे मोजमाप खरे. या हट्टापायी सगळ्यांच्या नाकी नऊ येतात, पण ताई ऐकत नाही. मला तिचे फार कौतुक वाटते.

एका हिवाळ्यात प्रयोगशाळेत सर्दीची साथ आली. साहेबांपासून ताईपर्यंत सगळे शिंकत होते. तशातही साहेबांनी कोऱ्या फिल्टरांच्या कपाटाची फट स्वतःच्या हाताने बुजवली, बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून. आणि दुसऱ्याच दिवशी कोऱ्या फिल्टरवर मला ॲसेटिक आम्ल दिसले. व्हिनेगरमध्ये असते ना, तेच. मी इमानाने सुळका उभा केला.

"कोऱ्यावर आम्ल?" साहेब वैतागले. "आजोबांना भ्रम झालाय. सोमवारी भंगारवाला जुना फ्रीज न्यायला येतोय, यांनाही देऊन टाकू."

भंगाराचे नाव ऐकूनही मी सुळका खाली घेतला नाही.

"साहेब, नसलेलं त्यांनी आजवर कधी दाखवलेलं नाही," ताई म्हणाली.

"मग आलं कुठून?"

"ते शोधते. पण आजोबा आहे म्हणतायत, तर असणार."

इतका विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता. तिने माझ्या नळ्या धुतल्या, तरी सुळका तसाच. मग तिने एक फिल्टर भट्टीतून काढला आणि कपाटात न ठेवता थेट मला दिला. पडद्यावर सरळ रेघ! ताईने रेघेकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले, जोरात नाक शिंकरले आणि डोके कपाटात घातले.

"साहेब, इकडे या. आधी नाक शिंकरा."

साहेबांनी नाक शिंकरले आणि वास घेतला. "अरेच्चा! व्हिनेगर!"

"तुम्ही फटीत भरलेलं सिलिकॉन. वाळताना तेच आम्ल सोडतंय. आपली नाकं बंद होती साहेब, आजोबांचं नव्हतं."

साहेब कपाटासारखेच उघडे पडले, पण माणूस दिलदार. मोठ्याने हसले आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "आजोबा, चुकलो हो."

सोमवारी भंगारवाला फक्त फ्रीज घेऊन गेला.

मित्रांनो, मी कायम राहणार नाही. माझे सुटे भाग आता मिळत नाहीत, हे ताईलाही ठाऊक आहे. पण तुमच्या घरातले एखादे जुने यंत्र, किंवा एखादे खरेखुरे आजोबा, भलतेच काही सांगू लागले, तर त्यांना लगेच मोडीत काढू नका. आधी आपले नाक शिंकरा, आणि मग एकदा कपाट उघडून पाहा.