बेर्त कोणाची?

सुएत सुटला की कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शेतिकांप गावात कोणी कोणाकडे जात नाही. डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा हा वारा उभ्या ट्रकला आडवं करतो, माणसाची काय कथा. म्हणून त्या गुरुवारी दुपारी मागच्या दारावर धडधड झाली तेव्हा मला वाटलं, छपरावरची फळी सुटली. दार उघडलं तर मिरेय. डोक्यावर टोपी नाही, कोटाची बटणं चुकीच्या काजांत अडकवलेली आणि छातीशी लॅपटॉप कवटाळलेला.

"मादाम, आधी दार लावा. मला कोणी पाहिलं नाही ना?"

"अशा वाऱ्यात कोण पाहणार, पोरी? बस. चहा टाकते."

"चहा नको." असं म्हणून ती बसली आणि तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. चौथा महिना लागला होता. लग्न नऊ दिवसांवर आलं होतं, नवरा मुलगा रेजिस लाराद. दोघंही माझ्या वर्गात शिकलेली. मिरेय पहिल्या बाकावर बसायची आणि उत्तर येत असूनही हात वर करायला घाबरायची. रेजिस बहुतेक वेळ कोपऱ्यात उभा असायचा.

आमच्या गावात आडनावं मोजून सात-आठ. त्यामुळे आडनावाला कोणी विचारत नाही, "कोणाचा?" असं विचारतात. रेजिस म्हणजे लुबाँच्या फिदेलचा रेजिस. बापाचं आणि आजोबाचं नाव सांगितलं की माणूस कळतो. मिरेयची साखळी मात्र आईच्या नावाने चालते. ओदीलची मिरेय. मासळीच्या कारखान्यात राबून ओदीलने तिला एकटीने वाढवलं, बाप कोण ते शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि गेल्या फेब्रुवारीत गेली. तिच्या माघारी मिरेयने नळीत थुंकी भरून डीएनए तपासणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवली होती. तिथून येणाऱ्या नातेवाइकांच्या याद्या कशा वाचायच्या ते मी चर्चच्या सभागृहात दर शनिवारी मुलांना शिकवते आणि मोठी माणसंही मागे येऊन बसतात. तीही बसायची. म्हणजे हे खूळ तिला मीच लावलेलं.

"सापडलं कोणीतरी," ती म्हणाली.

"कोण?"

"बाप नाही. बहीण."

तिने लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला. सगळ्यात वरच्या ओळीत कोरिन नावाची बाई होती, बॉस्टनजवळच्या वॉल्थमची. दोघींत जुळणारा भाग सतराशे साठ सेंटिमॉर्गन, रक्ताचं नातं मोजायचं माप ते. एवढा आकडा एका बापाच्या दोन मुलींचा असू शकतो. मिरेयने तिला पत्र टाकलं होतं. कोरिनची आई आयरिश, आपल्याकडची कोणी नाही. बाप तिलाही माहीत नव्हता. आईने एवढंच सांगितलं होतं की तो कॅनडातून सुतारकामाला आला होता, एकोणनव्वदच्या हिवाळ्यात.

"आता हे बघा." मिरेयने आणखी एक कळ दाबली. कोरिनशीही जुळतात आणि मिरेयशीही, अशांची यादी उघडली. वरची चारही नावं लाराद. बेर्त आणि तिची तीन मुलं, तिचा नवराही लारादच.

मी ती चार नावं बोट ठेवून पुन्हा वाचली.

बेर्त म्हणजे लुबाँची बेर्त. रेजिसच्या बापाची, फिदेलची बहीण. आणि एकोणनव्वदच्या हिवाळ्यात वॉल्थमला सुतारकाम कोणी केलं, हे गावात लहान पोरालाही ठाऊक आहे. फिदेलने तिथून लाल रंगाची गाडी आणली होती. रेजिस सहा वर्षांचा असताना तो बोटीसकट बुडाला, त्यामुळे त्याला विचारायची सोय नव्हती.

"मादाम, बोला ना काहीतरी," मिरेय म्हणाली. "रेजिस माझा भाऊ आहे का?"

मी चष्मा पुसला. वर्गात मूल रडायच्या बेताला आलं की मी खडू हातात घ्यायची. आता लोकरीची टोपली घेतली. आमच्याकडे गोणपाटावर हुकाने लोकर ओढून गालिचे करतात. माझ्या टोपलीत लांब धागे असतात आणि जुन्या स्वेटरांच्या चिंध्याही असतात.

"हे बघ. बापाकडून मुलीला मिळतो तो असा." मी हातभर लांब निळा धागा टेबलावर पसरला. "पिढी गेली की धागा तुटतो. आणखी एक पिढी, आणखी तुटतो. आत्याचे आणि भाचीचे धागे तरीही लांबच असतात आणि पुष्कळ असतात. सगळे मिळून सतराशेच्या आसपास. आता बेर्तसमोरचा आकडा वाच."

"एकशे शहाऐंशी."

"किती तुकड्यांत?"

"सतरा."

"त्यातला सगळ्यात लांब?"

"एकवीस."

मी मूठभर चिंध्या तिच्यापुढे टाकल्या. "हे असं. सगळं भुसकट. अडीचशे वर्षं आपण एकमेकांतच लग्नं करतोय. इथल्या कुठल्याही दोघांत एवढ्या चिंध्या निघतीलच, त्या दहा वाटांनी येतात. फिदेल तुझा बाप असता तर बेर्त तुझी आत्या झाली असती, आणि आत्याचा आकडा असा नसतो. याच्या दहापट हवा."

तिने आकडा पुन्हा वाचला. मग पुन्हा. मग एकदम हसली आणि हसता हसता रडली.

"मी तीन रात्री झोपले नाही हो. त्याचा फोनही उचलला नाही. त्याला वाटतंय मी झग्यावरून रुसलेय."

"मग आता उचल. आणि हे खा." काकवीची बिस्किटं तिच्यापुढे सरकवली. तिने तीन खाल्ली. बटणं सोडून नीट लावली. लॅपटॉप मिटला. दारापर्यंत गेली. "बेर्तला मी आता लग्नात मिठीच मारणार आहे," ती म्हणाली. "आत्या नसल्याबद्दल."

मीही हसले. आणि हसतानाच मला ती स्वयंपाकघरातली खुर्ची आठवली.

लुबाँच्या घरातली उंच खुर्ची. मी सात-आठ वर्षांची असेन. आईबरोबर गेले होते. खुर्चीत एक तान्ही पोर आणि लुबाँची बायको माझ्या आईला सांगत होती, बिचारीची आई बाळंतपणात गेली, बाप जहाजावर, आम्हीच ठेवून घेतली. ती पोर म्हणजे बेर्त. फिदेल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, नवसासायासाने, एकुलता एक. आमच्याकडे जो वाढवतो त्याचंच नाव साखळीत जातं. साठ-सत्तर वर्षं "लुबाँची बेर्त" म्हणता म्हणता मी स्वतःच विसरून गेले होते की ती लुबाँची नाही.

बेर्त फिदेलची रक्ताची बहीणच नव्हती. मग तिचा आकडा छोटा निघाला यात सिद्ध काय झालं? काहीच नाही. तिच्या मुलांचंही तेच. फिदेलबद्दल त्या यादीने एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

मिरेयचा हात कडीवर होता. गप्प बसावं, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलंच. ती खूश होती. नऊ दिवसांत लग्न, पाच महिन्यांत बाळ. कोणाला कळणार होतं? बेर्तचं खरं मूळ ठाऊक असलेल्या मी आणि आणखी दोन-तीन म्हाताऱ्याच.

पण ते बाळ मोठं होऊन माझ्याच शनिवारच्या वर्गात येऊन बसलं असतं.

"मिरेय. परत ये. बस."

माझ्या आवाजावरून तिला कळलं. तिने कोटही काढला नाही.

"मी चुकले," मी म्हणाले. "फळ्यावर गणितच चुकीचं मांडलं." आणि सगळं सांगितलं.

तिने टेबलावरची एक चिंधी उचलून ताणून बघितली. बाहेर वाऱ्याने कुणाचा तरी खेकड्यांचा पिंजरा उचलून कुंपणावर आपटला. आम्ही दोघी दचकलो.

"मग आता कसं कळणार?" तिने विचारलं.

"फिदेलच्या रक्ताचं माणूस हवं."

"एकच आहे, रेजिस," ती म्हणाली. "त्याने नाताळात थुंकी दिली होती. मीच दिली होती ती तपासणीची पेटी, भेट म्हणून. पण निकाल बंद करून ठेवलाय. कामावरचे लोक म्हणाले, कंपनीला तुमचे रोग कळतात. त्यामुळे मला तो दिसत नाही आणि त्याला मी दिसत नाही."

"मग उघडायला सांग."

"काय म्हणून सांगू? तू माझा नवरा आहेस की भाऊ ते बघायचंय म्हणून?"

"असंच सांग. दुसरं काय सांगणार?"

तिने माझ्या भिंतीवरच्या फोनवरून पार पश्चिमेकडच्या आल्बर्टा प्रांतात फोन लावला. रेजिस तेलाच्या कामावर होता, तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी.

"मादाम?" त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "मी काय केलं? अजून कोपऱ्यात उभं करणार आहात का?"

"मी बोलतेय," मिरेय म्हणाली.

"अगं बाई! जिवंत आहेस. झगा पांढरा घाल, हिरवा घाल, गोणपाटाचा घाल, मी काही..."

"रेजिस, गप्प बस आणि ऐक."

तिने सांगितलं.

"मामाँला माहीत आहे?" त्याने आईबद्दल विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"कोणालाच नाही. तू आधी उघड."

"उघडतोय. थांब, थांब जरा."

तेवढ्यात दिवा गेला. फ्रिज गुरगुरून थांबला. इंटरनेटच्या डबीवरचे हिरवे ठिपके विझले. मिरेयच्या पडद्यावर पान अर्धं उघडून गोठलं. वारा असला की असं होतंच, कधी तासाभराने येते वीज, कधी दुसऱ्या दिवशी. भिंतीवरचा जुना फोन तेवढा चालू राहिला.

"आमच्याकडे वीज गेली," मी फोन घेऊन म्हणाले. "तुझ्याकडे तुझी यादी दिसेल. ती वाच. वरून खाली, एकही ओळ गाळू नकोस. नाव आणि आकडा. आता तिचं नाव त्यात येईल."

"आणि वरच असेल तर?"

"तर वरच वाचशील. चल."

मिरेय माझ्याजवळ आली आणि आम्ही दोघींनी एकच फोन कानाला लावला. तिचा गाल बर्फासारखा गार होता.

"पहिली ओळ," रेजिस म्हणाला. "जिनेत मावशी. अठराशे चार."

मिरेयने माझं मनगट धरलं.

"दुसरी. मावशीचा पोरगा, मंक्टनचा. नऊशे दहा."

"आता इथून पुढे भाऊ-बहीण येणं शक्य नाही," मी म्हणायला गेले, पण वाक्य गिळलं. एकदा चुकलेली बाई होते मी. "वाच पुढे," एवढंच म्हणाले.

तो वाचत गेला. मामाचा नातू. आईच्या मावसबहिणी. तीनशे, दोनशे ऐंशी, दोनशे वीस. प्रत्येक ओळीआधी तो श्वास घ्यायचा आणि तो श्वास आम्हाला ऐकू यायचा. बाहेर छप्पर कण्हत होतं. मी ओळी बोटांवर मोजत होते.

"एकोणिसावी," तो म्हणाला आणि थांबला.

"काय?" मिरेय किंचाळली.

"तू. तू आहेस. एकशे एकेचाळीस."

"तुकडे किती?" मी विचारलं.

"सोळा."

"सगळ्यात लांब?"

"तेरा. मादाम, हे चांगलं की वाईट? नीट सांगा, मला तुमची गणितं कधी कळली नाहीत!"

"चिंध्या," मी म्हणाले. खात्री व्हावी म्हणून त्याला तीनही आकडे पुन्हा वाचायला लावले. तेच आले. "भाऊ असतास तर मावशीच्या शेजारी ती बसली असती. सख्खा चुलतभाऊ असतास तरी मंक्टनवाल्याच्या जवळ. नुसत्या चिंध्या आहेत, रेजिस. माझ्यात आणि पाद्रीबाबांत निघतील तेवढ्या."

मिरेय भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. फोन तिच्या मांडीत पडला. त्यातून रेजिसचा आवाज येत राहिला, "हॅलो? मीमी? रडतेस का हसतेस? मी इथे जेवणाच्या तंबूत उभा आहे, पन्नास माणसं माझ्याकडे बघतायत."

"गोणपाटाचाच घालीन," ती फोनला म्हणाली.

ते दोघं बोलत असताना मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. शाल घट्ट गुंडाळून घेतली. कडीवर ठेवलेला तिचा हात डोळ्यांपुढून हलत नव्हता.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मग बाप कोण, मादाम? वॉल्थमला आणखी कोण गेलं होतं?"

"पुष्कळ गेले होते. शोधायचं असेल तर शोधू. लग्नानंतर. आणि प्रत्येक नावापुढे आधी विचारायचं, हा खरा कोणाचा."

"कोणाला विचारायचं?"

"म्हाताऱ्यांना. मी धरून किमान दोघींना, वेगवेगळं बसवून."

तिने मान हलवली. टेबलावरच्या चिंध्या गोळा करून टोपलीत टाकल्या. लांब निळा धागा मात्र तिने बोटाभोवती गुंडाळला, परत सोडला आणि टोपलीवर ठेवून दिला. वारा पडेपर्यंत मी तिला जाऊ दिलं नाही.