आयुधपूजेला अडकलेलं मशीन

मी ते केलेलं नव्हतं. हे पहिल्या ओळीतच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी आमच्या घरात हे ऐकून घ्यायला एक माणूस तयार नव्हता.

आता लोकांनी माझ्यावर संशय घ्यावा, यात नवल नाही. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझे थोरले भाऊ अनंतराव यांनी, घरात कंप्युटर आणला त्याच आठवड्यात मी स्क्रीनचा फोटो काढून तोच स्क्रीनवर मागचं चित्र म्हणून लावला आणि टिचकी मारायची खरी चित्रं लपवून ठेवली. अण्णा दिवसभर त्या फोटोवर टिचक्या मारत बसले. संध्याकाळी दुकानदाराला फोन करून त्याला काय काय बोलले! मी जिन्यात बसून इतका हसलो की पोट दुखायला लागलं. माउसच्या पोटाखाली चिकटपट्टी लावणारा मीच. मोठ्याने मांजर ओरडेल असा आवाज भरून ठेवणाराही मीच. जे केलं ते केलं, आणि मजा आली.

पण त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं, आणि म्हणून माझं डोकं अजून फिरतं.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, भांडण दोन्हींत. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या घरात खाली अण्णा, राजसवहिनी आणि त्यांची नंदिता. वर गच्चीवरच्या खोलीत एकटा मी, जेवायला खाली. नंदिता कापडावरची जुनी चित्रकारी शिकलेली. करुप्पूरच्या म्हाताऱ्या कारागिरांकडे जाऊन जाऊन तिने नक्षी उतरवून आणली होती, आणि ती सगळी त्या कंप्युटरमध्ये. हॉलंडच्या एका कॉलेजची शिष्यवृत्ती होती. अर्ज आणि चित्रं पाठवायची शेवटची मुदत त्याच दिवशी, आपल्याकडच्या दिवेलागणीपर्यंत. शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, नाहीतर नाही, असं अण्णांचं बोलणं. आणि मिळाली तरी कागदांवर सही बापाचीच लागणार.

आणि नेमकी त्याच दिवशी आयुधपूजा.

तुम्ही चेन्नईत नसाल तर सांगतो. त्या दिवशी इथे हत्यारं, यंत्रं, पुस्तकं, सगळं पुसून पूजेला लावतात. रिक्षांना केळीचे कोंब बांधतात, बसच्या तोंडावर हार घालतात, चौकाचौकात कोहळे फोडतात. आणि एकदा पूजेला लावलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सुतार करवतीला शिवत नाही, आणि आमच्या अण्णांच्या घरात कुणी कंप्युटरला शिवत नाही.

अण्णांनी सकाळी आंघोळ करून स्वतः चंदन उगाळलं, पातळ आणि भरपूर. मॉनिटरला गंध, माउसला गंध, डब्याला गंध आणि केळीचा एक कोंबसुद्धा. कीबोर्डला कुठे लावावं म्हणून जरा विचार केला आणि उजव्या बाजूचं एक मोठं बटन बघून तिथे चांगला ठसठशीत टिळा लावला. वर कुंकू, वर शेवंतीच्या पाकळ्या. पुढे चुरमुरे आणि गूळ.

जेवणं झाली. अण्णा आडवे झाले. नंदिता गुपचूप मशीनपाशी गेली, देवीला नमस्कार केला, फुलं बाजूला केली आणि बटन दाबलं. सकाळी पुसायच्या आधी ते चालू होतं, अण्णांनी बंद केलं होतं, एवढंच.

मशीनने आधी एक किंकाळी मारली. मग नेहमीसारखं चालू झालं, तिचं नाव आलं, तिने त्यावर टिचकी मारली, पासवर्डची चौकट आली. आणि थांबलं. ती टाइप करते तर काही उमटेना. "पासवर्ड चुकला" असं तेच तेच येतंय, ती एक अक्षर मारायच्या आत. मग तेही थांबलं. वाळूचं घड्याळ फिरतंय आणि स्क्रीन दगड.

तिने बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. पुन्हा. पुन्हा तेच.

मी वरून गच्चीतून उतरलो तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशीच उभी. डोळे लाल.

"काका, काय केलंत?"

"कशाचं?"

"बस्स झालं हं. आज नाही. आज मजा नाही. पासवर्ड बदललात ना? सांगा."

"नंदे, देवीशप्पथ…"

"देवीची शपथ घालू नका! मांजराच्या वेळेला पण देवीचीच घातली होतीत!"

हे खरं होतं.

तेवढ्यात अण्णा उठले. पोरीने पूजेतल्या मशीनला हात लावलाय हे बघून त्यांचा जो आवाज लागला, तो समोरच्या घरातल्या कनका मामींनी खिडकी उघडून ऐकला.

"बघ! देवीला टाळून मशीन उघडलंस! अडकणार नाही तर काय होणार?"

"अप्पा, देवीने नाही, काकांनी केलंय!" नंदिता बापावर ओरडली.

"डेय व्यंकू!" अण्णा माझ्याकडे वळले. "आजच्या दिवशी? सरस्वतीच्या दिवशी? लाज वाटते का तुला?"

"मी हात पण नाही लावला, अण्णा!"

"तू हात नाही लावलास, हे तू शुद्धीत म्हणतोयस?"

मला असा संताप आला की विचारू नका. बेचाळीस खोड्या केल्यात असं म्हणा, हिंमतीने करतो, पकडलं तर मिशीला पीळ देतो. पण न केलेल्या खोडीचा मार? ही कुठली रीत? मी पण ओरडलो. अण्णा ओरडले. नंदिता दोघांवर ओरडली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नुसतं माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

नंदिताने सुब्बाला फोन लावला. सुब्बा म्हणजे कोपऱ्यावरचा मशीनवाला. स्पीकर चालू.

"मॅडम, आज आयुधपूजा मॅडम. माझा स्क्रूड्रायव्हर पण देवीपुढे आहे. हात नाही लावणार."

"सुब्बा, प्लीज! मुदत आहे!"

"नाही मॅडम. उद्या सकाळी पहिला हात तुमच्याच मशीनला."

"उद्या मला तुझं श्राद्ध घालायचंय का? आज पाहिजे!"

सुब्बा हसला. मग म्हणाला, "बरं, तोंडाने सांगतो. तोंड पूजेत नाही. चालू करताना सगळ्यात वरच्या रांगेतलं एफ-आठ बटन दाबत राहा. मेन्यू येईल. त्यात सेफ मोडवाला घ्या."

तिने दाबत ठेवलं. अण्णा म्हणतायत हात काढ, हात काढ, ती ऐकत नाही. काळा पडदा आला, पांढरी अक्षरं आली, मेन्यू आला. आणि तिने काही निवडायच्या आत मेन्यू गायब! मशीन आपलं पुढे निघून गेलं, आणि पुन्हा त्याच चौकटीवर येऊन दगड.

"बघा! मी काही दाबलं पण नाही!" ती रडायलाच लागली.

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. अरे, तिने दाबलं नाही. पण कुणीतरी दाबतंय. मेन्यूत होकार द्यायला कुठलं बटन लागतं? पासवर्ड चुकला म्हणायला आधी कुठलं बटन दाबावं लागतं? मी कीबोर्डकडे बघितलं. ते मोठं एंटरचं बटन. त्याच्यावर सुकलेला टिळा. बाजूच्या फटीतून चंदनाचा ओघळ आत उतरलेला.

"अण्णा," मी म्हणालो, "तुमचं गंध…"

"काय गंध?"

"तुम्ही जे लावलंत ते गंध आत…"

"देवीच्या गंधाला नाव ठेवतोस?" अण्णांनी भिंतीतून वायरच उपटली. खाडकन. आणि मशीनपुढे हात पसरून उभे राहिले. "संपलं! उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पोरीचं नशीब असेल तर पुढच्या वर्षी बघू!"

पुढच्या वर्षी! नंदिता खाली बसली, भिंतीला टेकून, आणि एकदम गप्प झाली. ओरडत होती तोवर बरं होतं. बाहेर रस्त्यावर कोहळा फुटला, पोरं ओरडली, आणि आमच्या हॉलमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता.

मी अण्णांना ओळखतो. माझा सख्खा भाऊ, देवभोळा आणि हट्टी. त्यांना आता चंदनाचं समजावत बसलो असतो तर सूर्य मावळला असता, आणि त्यांनी कीबोर्ड देव्हाऱ्यात नेऊन ठेवला असता. पूजेतल्या वस्तूला हात लावायची परवानगी ते एकालाच देणार होते. कुणाला, ते मला कळलं. आणि कळलं तसा माझा जीव असा जळला म्हणून सांगू!

"मी केलं," मी म्हणालो.

"काय?"

"मीच केलं. सकाळी, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. एक प्रोग्राम घातलाय आत. बरं? झालं समाधान?"

नंदिताने वर बघितलं. असं बघितलं, की मला वाटलं थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

अण्णांच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. "निर्लज्ज! देवीपुढे नाक घास! आणि आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर, जे केलंस ते काढ!"

"हात लावू?"

"लाव म्हणतोय ना! घाण तू केलीस, तूच उपस!"

नाक घासलं. चुरमुरे नाकाला चिकटले, तसाच उठलो. वायर लावली. आधी कीबोर्डची शेपटी मागून काढली आणि मशीन चालू केलं. नुसत्या माउसने तिच्या नावावर टिचकी मारली. चौकट आली आणि शहाण्यासारखी वाट बघत थांबली. ना चुकलं, ना घड्याळ. म्हणजे मशीन ठणठणीत. दुखणं बटनात.

"वहिनी, चमचा द्या. पातळ दांड्याचा."

स्क्रूड्रायव्हर देवीपुढे, पण चमचा कुणी पूजेला लावला नव्हता. वहिनींनी आणून दिला. मी सगळ्यांकडे पाठ केली, चमच्याच्या दांड्याने ते बटन उचकटलं. आत काय विचारता! चंदनाचा लगदा, अर्धा सुकलेला, अर्धा ओला, कुंकवाने लाल. रबराची घुंडी त्यात रुतून बसलेली. हे मी त्या घरात सगळ्यांना दाखवायला पाहिजे होतं. घरभर नाचवत दाखवायला पाहिजे होतं!

नाही दाखवलं. कापसाच्या वातीने लगदा काढला आणि खिशात कोंबला. अण्णांची दाढीनंतर लावायची ती वासाची बाटली न्हाणीघरातून आणली आणि त्यातल्या स्पिरिटने सगळं पुसलं. अण्णांची निम्मी बाटली संपवली. राग कुठेतरी काढायला पाहिजेच ना!

"किती वेळ लावतोस? घालताना वेळ नाही लागला!" अण्णा मागून.

"घालणाऱ्याने हात सैल सोडून घातलंय," मी म्हणालो. "काढणाऱ्याला त्रास."

"वर तोंड करून बोलतोय!"

फुंकर मारून मारून वाळवलं. कीबोर्ड जोडला. "नंदे, टाइप कर."

ती माझ्याकडे न बघता पुढे आली. पासवर्ड घातला. मोठ्या बटनाच्या जागी आता नुसती घुंडी होती, ती तिने करंगळीने दाबली. गाणं वाजलं, आणि तिचा तो निळा मोर, तिने स्वतः काढलेला, स्क्रीनभर उघडला.

 तिची बोटं धावत होती. फोनची लाइन कर्रकर्र करत जोडली गेली. एकेक चित्र चढायला जो वेळ लागत होता, त्यात आम्ही सगळे उभे. अण्णासुद्धा. शेवटचं चित्र चढेपर्यंत समोरच्या घरात दिवे लागले होते. मग पलीकडून पोच आली: तुमचा अर्ज मिळाला.

नंदिता उठली. मला वाटलं, आता तरी.

"काका," ती म्हणाली, आवाज अगदी थंड, "आज तुमच्या हातून माझं सगळं गेलं असतं. मला तुमच्याशी बोलायचं नाही."

"माफी माग तिची," अण्णा म्हणाले.

खिशात चंदन ओलं लागत होतं. मुठीत आलंच होतं माझ्या. एक हात बाहेर काढला असता की खेळ खलास!

"माफ कर," मी म्हणालो आणि वर निघून आलो.

वर येऊन काय काय बडबडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तमिळमध्ये होतं आणि अण्णांबद्दल होतं. खाली ताटं मांडल्याचा आवाज येत होता, मला कुणी हाक मारली नाही. मी बादलीला लाथ मारली. पायाला लागलं. त्याचाही राग अण्णांवरच.

थोड्या वेळाने वहिनी ताट घेऊन वर आल्या. हरभऱ्याची सुंडल, भात, वडा. ताट कठड्यावर ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"भावजी, तुम्ही नव्हतं केलं."

मी घास हातात धरून थांबलो. "कशावरून?"

"तुम्ही केलेलं असलं की तुमचे गाल आधी हलतात. आज एकदासुद्धा नाही हलले."

"मग खाली का नाही बोललात?" माझा आवाज चढला. "एवढा वेळ सगळ्यांच्या शिव्या खात होतो मी! दारात उभ्या राहून बघत होतात!"

"बोलले असते तर ह्यांनी तुम्हाला हात लावू दिला असता?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"आणि आता सांगितलं," वहिनी म्हणाल्या, "तर ती बापाशी भांडणार. आज भांडली तर हे उद्या सही करणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे ह्यांचं. सही होऊ दे. मग मी सांगते."

"कधी?"

"विमान सुटल्यावर."

"आणि तोवर मी चोर?"

"तोवर तुम्ही चोर," वहिनी म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक वडा ठेवला.

वड्यावर राग काढला, दोन्ही खाल्ले. पण सांगून ठेवतो, राग गेला नाही. पुढे विमान सुटेपर्यंत रोज ती पोरगी माझ्या समोरून मान वळवून जात होती, आणि मी रोज दात ओठ खात तिला वाट करून देत होतो.