रामीबाईचा उकंडा

जऊळक्याच्या इंद्रभान पाटलांचा उकंडराव उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईच्या कॉलेजातून घरी आला, आणि गोठ्यापुढच्या लिंबाखाली बसून दिवसभर स्वतःशीच बोलायला लागला. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, अन् तेही ना मराठी, ना हिंदी, ना इंग्रजी. येणारेजाणारे थबकून ऐकायचे. नानीबाई शेजारणीनं तर विचारलंच, "तुळसाबाई, पोट्ट्याले बाहेरचं काई लागलं का वं?" उकंडरावाची माय अशी भडकली म्हणता! "बाहेरचं कायचं? स्पॅनिश हाये ते," असं तिनं ठणकावून सांगितलं. आता स्पॅनिश कशाशी खातात हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?

ठाऊक होतं ते एवढंच, की कॉलेजात स्पेन देशाचे एक फादर होते आणि चार हौशी पोरांना ते आपली भाषा शिकवायचे. पहिल्या वर्षी उकंडरावाचं सगळं झकास चाललं. नावं, आकडे, भाकर, पाणी, नमस्कार. वरच्या वर्गात गेला आणि गाडी चिखलात रुतली. फादर म्हणाले, "शब्द तुझ्याकडे आहेत, बाबा. पण माणूस नुसत्या शब्दांनी बोलत नसतो." त्यातच मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्यानं निरोप धाडला होता. वऱ्हाडाचा कापूस बार्सिलोनाच्या गिरण्यांत जायचा आणि तिथं बसून स्वच्छ भाषेत पत्रव्यवहार करणारा मुलगा त्याला हवा होता. जूनमधली वरची परीक्षा पास झाली, की उकंडराव बोटीत बसणार, दोन-तीन वर्षांसाठी.

इंद्रभान पाटील स्टेशनावर जाऊन ज्याला त्याला ही बातमी सांगत. तुळसाबाई मात्र ती कोणालाच सांगत नव्हती. आधीची लेकरं एकामागून एक गेलेली, आणि हा एकच हाती लागलेला. आणि हा आता समुद्र ओलांडणार! परीक्षेत नापास झाला तर बरं होईल, असं तिच्या मनात यायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती त्याच्यासाठी ताकाचा गडू घेऊन जायची.

एकदा तिनं त्याला विचारलं, "एवढं काय अडते रे तुह्यं?"

उकंडरावानं पुस्तक बाजूला ठेवलं. "माय, गेलेल्या गोष्टीचे त्यायच्या भाषेत दोन काळ हायेत. 'तो आला' म्हणजे एकदा आला, झालं, संपलं. 'तो यायचा' म्हणजे येतच राह्यचा, त्याले शेवट नाही. मराठीत आपन हे झोपेतबी बरोबर बोलतो, पन तिथं मी रोज चुकतो. आन् दुसरं त्याहून कठीन. जे घडलंच नाही, घडावं असं वाटते, नाहीतं घडन म्हून भेव वाटते, त्याच्यासाठी क्रियापदाचा पुरा साजच बदलते. इच्छा, भेव, शंका, या साऱ्याची रूपं येगळी."

"मंग माहा सारा जलम त्याच रूपात गेला, बावा," तुळसाबाई म्हणाली आणि रिकामा गडू घेऊन आत निघून गेली.

हसण्यावारी न्यावं असं ते बोलणं नव्हतं. त्याच दुपारी तिनं लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला आणि गावाबाहेरच्या तांड्याची वाट धरली. तांड्यात रामीबाई राहायची. हिच्याकडे जायला तिला कारण होतं, आणि ते कारण गावात सगळ्यांना माहीत होतं.

लेकरं जगत नाहीत अशा घरात आपल्याकडे जे करतात, तेच तुळसाबाईनंही केलं होतं. उकंडराव जन्मला तसा त्याला सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवला; नावही त्यावरूनच पडलं. म्हणजे काय, की हे पोर आम्हाला नको, टाकून दिलं. मरण असल्या टाकाऊ मालाकडे ढुंकूनही बघत नाही. वाटेनं रामीबाई चालली होती, तिनं त्याला उचलला. रीत अशी, की मग आईनं पसाभर कोंडा देऊन तेच पोर परत विकत घ्यायचं. तुळसाबाईनं कोंडा ओंजळीत घेतला आणि ती तिथंच थबकली. घेतलं परत, आणि मरणाला कळलं की हे पोर टाकलेलं नाही, माझं आहे, तर? तिनं कोंडा गाईपुढं टाकला. पोर तिच्याच दुधावर वाढलं, पण सौदा काही झाला नाही. कोणी विचारलं, तर ती म्हणायची, "रामीचा हाये." आणि उकंडरावही तांड्यात गेला की रामीबाईला त्यांच्या बोलीत 'याडी' म्हणून हाक मारायचा, म्हणजे आई. तिचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता.

"रामे," तुळसाबाई म्हणाली, "त्याले तू 'नको जाऊ' म्हन. माह्या म्हनन्यानं तो आयकनार नाही, अन् माहा हक्कबी नाही. तुह्या शब्दाले तो नाही म्हनत नाही."

रामीबाई गोधडीला टाके घालत होती. तिचा थोरला फुलचंद बायकापोरं घेऊन दर साली रेल्वेच्या खडीच्या कामावर जायचा आणि पाऊस पडायच्या आधी परत यायचा. "आमच्या तांड्यात जानाऱ्याले कोनी आडवत नाही, बाई," ती म्हणाली. "आडवलं तं खावं काय? पन तू म्हन्ते म्हून बोलतो मी. याचा भार तुह्याच जीवावर राहीन पाह्य."

दुसऱ्या दिवशी ती आली, लिंबाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "बेटा, नको जाऊ."

उकंडरावानं तिच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या मायकडे. "बरं, याडी," एवढंच तो बोलला. पुस्तक मिटलं, माळ्यावर टाकलं आणि बैल जुंपायला गेला. ना आदळआपट, ना रुसवा. रामीबाईनं जाताना तुळसाबाईकडे बघितलंसुद्धा नाही.

झालं, तिच्या मनासारखं झालं. इंद्रभान पाटलांनी दोन दिवस स्टेशनाकडे जाणं टाळलं, मग तेही सावरले. पोरगा घरी, शेतावर, डोळ्यांसमोर. वखर हाणायचा, वैरण टाकायचा, वेळेवर जेवायचा, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. तुळसाबाई त्याच्या ताटात तूप वाढायची आणि तो "पुरे" म्हणायचा. ती त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. चांगला धडधाकट पोरगा, पण बोलणं असं, की गडीमाणूस मालकाशी बोलतो आहे. तिनं एकदा मुद्दाम विचारलं, "ते तुह्ये दोन काळ कोनते रे?" तो म्हणाला, "विसरलो, माय." खोटं बोलला. चिडला असता, भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं!

आणि मग एका सकाळी चूल फुंकता फुंकता तिला कळलं, की आपण हे काय करून बसलो. मरणापासून पोरगा लपवता लपवता तिनं तो जगण्यापासूनही लपवला होता. रामीच्या तोंडून त्याला थांबवला, पण त्याला जा म्हणायचं तर तेही रामीच म्हणणार का? 'थांब' म्हणायला दुसरीचं तोंड चाललं. 'जा' म्हणायला आईच लागते, आणि आई व्हायला तर ती आजवर भ्याली होती.

चूल तशीच टाकून ती उठली. कणगीतून पसाभर कोंडा घेतला, पदरात बांधला आणि भर उन्हात तांड्यात गेली. रामीबाईपुढं तिनं पदर सोडला.

"हे घे," ती म्हणाली. "अन् माहा पोरगा मले दे."

रामीबाईनं आधी कोंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "भेव नाही वाटत आता?"

"वाटते. लय वाटते."

रामीबाईनं दोन्ही हात पुढं केले, कोंडा घेतला आणि कपाळाला लावला. "दिला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. एवढ्या सालांचं पोर तिचंही होतंच की.

तुळसाबाई तिथून तडक शेतात गेली. उकंडराव वखर हाणत होता. "थांबव ते बैल," ती धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून ओरडली. तो आला, घाम पुसत उभा राहिला. तिनं जे केलं ते एका दमात सांगितलं. उकंडरावाचं तोंड उतरलं. गावात वाढलेला पोरगा, कॉलेजात गेला म्हणून काय झालं. मायनं कशाला हात घातला हे त्याला बरोबर समजलं.

"माय, कायले केलं तू हे?" तो म्हणाला. "मी कुठी नाही जात. खरंच नाही जात. राह्यतो ना मी इथी."

"आता घ्या!" तुळसाबाई कडाडली. "मंग मी कोंडा फुकट घातला का? जलमभर ज्याले भ्याली ते आज केलं, ते तू वखर हानावा म्हून? तू माहा हायेस आता. रामीचा नाही, उकिरड्याचा नाही, माहा. अन् माह्या पोराले मी सांगून राह्यली, जाय. घरी जाय, माळ्यावरून पुस्तक काढ, दिस थोडे राह्यले. ऊठ!"

तो उभाच होता, तरी ती "ऊठ, ऊठ" म्हणत राहिली. उकंडराव वाकला, तिच्या पायाला हात लावला आणि धुऱ्यावरून गावाकडे चालायला लागला. आधी हळू, मग भराभर. पुढच्या वळणावर तर तो चक्क पळतच सुटला.

तुळसाबाईनं बैल सोडले, सावलीला बांधले आणि ती धुऱ्यावर खाली बसली. मग मात्र ती मोठ्यानं रडली, वाटेनं कोण बघतं याची पर्वा न करता. याआधीही ती पोरांसाठी रडली होती, पण जित्या पोरासाठी रडायची तिची ही पहिलीच वेळ होती.