सुई कुठल्या हातात

फोन पुन्हा वाजला आणि सरांनी तो पुन्हा उपडा करून ठेवला.

"अहो, उचला की," बायको आतून म्हणाली. "पोरगी सकाळपासून करतेय. काहीतरी काम असेल."

काम कसलं डोंबलाचं! संध्याकाळी तिचं व्याख्यान होतं. सर ज्या खुर्चीवरून निवृत्त झाले त्या खुर्चीवर तिची नेमणूक झाली म्हणून, सरांच्याच विभागात, आणि विषय कोणता तर सरांनी ज्याच्यावर नाव कमावलं तेच चित्र. आता आग्रहाचं आमंत्रण करायला फोन. जखमेवर मीठ चोळायचं तर माणसानं निदान समोर येऊन चोळावं.

ती म्हणजे ठिपका. खरं नाव नेमणुकीच्या कागदावर असेल, पण अख्खं विद्यापीठ तिला ठिपका म्हणे आणि हे नाव ठेवलं होतं सरांनी. तेव्हा कलेच्या इतिहासाचे तास अंधाऱ्या खोलीत चालायचे. काचेत बसवलेली चिमुकली स्लाइड प्रोजेक्टरमध्ये सरकवली की भिंतीवर चित्र उमटायचं. स्लाइड कुठल्या बाजूनं घालायची ते कळावं म्हणून तिच्या कोपऱ्यात लाल ठिपका चिकटवलेला असे. तो बघितला नाही की डावं ते उजवं, उजवं ते डावं. पहिल्याच वर्षी या पोरीनं एका सेनापतीला असं उलटं घातलं, की बिचारा डाव्या हातानं सलाम ठोकत उभा. सर भर वर्गात म्हणाले, "चित्र वाचायच्या आधी ठिपका वाचायला शिक." वर्ग खो खो हसला. तीही हसली. रडली असती तर सर दुसऱ्या दिवशी विसरून गेले असते, पण हसली ते त्यांना खुपलं.

विभागातल्या सगळ्या स्लाइड्सना ठिपके सरांनीच लावले होते. तरुणपणी, एक अख्खी सुट्टी घालवून. त्यातल्याच एका स्लाइडनं त्यांना नाव दिलं. खिडकीपाशी शिवत बसलेली बाई, चित्रकार अज्ञात. सुई बाईच्या डाव्या हातात आहे आणि अंगातल्या जाकिटाची बटणंही भलत्याच बाजूला आहेत, हे सरांनी हेरलं. म्हणजे ही बाई आरशात दिसते आहे. म्हणजे ती आरशात बघून स्वतःचंच चित्र काढते आहे. म्हणजे तो अज्ञात चित्रकार बुवा नव्हेच, बाई आहे! या एका निबंधानं गदारोळ उडवला. पाठ्यपुस्तकांत तो गेला, परदेशातून पत्रं आली. त्यानंतर सरांनी बरंच काही लिहिलं, पण त्याला कुणी विचारलं नाही. बाकीची नोकरी उत्तरपत्रिका तपासण्यात आणि वेळापत्रकाच्या भांडणांत गेली. तो निबंध म्हणजेच सर, हे बायकोलाही ठाऊक होतं.

मूळ चित्र मात्र त्यांनी कधीच पाहिलं नाही. ते डोंगरातल्या एका मठात होतं. विद्यापीठ प्रवासाला पैसे देत नसे आणि मठवाले कुणाला आत घेत नसत. आणि ठिपकाला? शिष्यवृत्ती मिळाली, परवानगी मिळाली, वर फोटो काढायची मुभासुद्धा मिळाली. ती बातमी आली त्या दिवशी सर जेवले नाहीत. पोटात दुखतंय म्हणाले. खोटं काही नव्हतं त्यात.

संध्याकाळी नवं सभागृह खच्चून भरलं होतं. गुबगुबीत खुर्च्या, भिंतभर पडदा. सरांच्या काळात पंखा चालू असला तरी पुष्कळ. ते पहिल्या रांगेत बसले आणि बायको त्यांच्या शेजारी. ठिपका मंचावरून घाईघाईनं खाली आली.

"सर, सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं बाहेर येता? जरा महत्त्वाचं होतं."

"आता काय ते पडद्यावरच बघू," सर म्हणाले.

ती क्षणभर घुटमळली आणि परत वर गेली. विभागप्रमुखांनी तिचं कौतुक करताना "आमचे ज्येष्ठ" असा सरांचाही ओझरता उल्लेख केला. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवे मंद झाले आणि चित्र आलं.

काय आलं! चौकटीसकट, खालच्या पितळी पट्टीवरच्या मठाच्या नावासकट. बाईच्या बोटावरचा सुईचा व्रणसुद्धा दिसत होता. आयुष्यभर ज्या धूसर चित्रावर सरांनी जीव लावला ते असं होतं तर, आणि हिनं ते समोर उभं राहून पाहिलं होतं. मग त्यांचं लक्ष सुईकडे गेलं. सुई उजव्या हातात होती.

उलटं! कार्टीनं उलटं लावलं! सरांना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. बायकोनं बाही धरायच्या आत ते उठले.

"ठिपका, चित्र उलटं लावलंयस. अजून ठिपका वाचता येत नाही का तुला?"

सभागृहात हशा पिकला. जुन्या विद्यार्थ्यांनी तर टाळ्या दिल्या. ठिपकाचा चेहरा उतरला. तिनं सरांकडे पाहिलं, हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"हो सर," ती म्हणाली. "चुकलं माझं."

तिनं बटण दाबलं. चित्र फिरलं, सुई डाव्या हातात गेली. आणि खालच्या पितळी पट्टीवरची अक्षरंही फिरली. मठाचं नाव उलटं झालं, आरशात दिसावं तसं. सर ते वाचायला जातात तोच तिनं चित्र मोठं केलं आणि चौकट, पट्टी, सगळं पडद्याबाहेर ढकललं.

सर खाली बसले. चित्रातल्या बाईनं आरशात बघितलं असेल, पण मठाच्या सुतारानं पट्टी काही आरशात बघून ठोकली नव्हती. ठिपकाचा फोटो सुलटा होता. उलटी होती ती सरांची स्लाइड. सकाळपासूनचे फोन यासाठी होते. ती पाच मिनिटंही यासाठीच होती.

व्याख्यान मग चालू पडलं. खरं म्हणजे पडलंच. ठिपकानं हातातली पानं पालथी घातली आणि रंगांविषयी, कापडाविषयी चाचपडत काहीबाही बोलत राहिली. मागे कुजबुज सुरू झाली, तयारी दिसत नाही म्हणून. विभागप्रमुख सरांकडे झुकून म्हणाले, "डोळा असावा तर तुमच्यासारखा."

आधी सरांना हायसं वाटलं. कुणाला कळलं नाही. निबंध शाबूत राहिला, नाव राहिलं. मग त्यांनी स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहिलं. आपण काय केलं असतं? तिथल्या तिथं ती पट्टी तोंडावर मारली असती, दुसरं काय! आणि ही पोरगी आपलं पहिलंवहिलं व्याख्यान मातीत घालत होती, म्हाताऱ्याची लाज राखायला.

इथं मात्र सरांच्या पोटात खरा आगडोंब उसळला. खुर्ची घेतलीस, घे. मठात गेलीस, जा. सभागृह भरलंस, भर. पण आता मोठं मनही तुझंच का? आणि ते उपकार मी मरेपर्यंत डोक्यावर घेऊन फिरू? एवढं काही ते तिला द्यायला तयार नव्हते.

ते पुन्हा उठले. "आता काय आणखी?" बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"ठिपका, चित्र पूर्ण दाखव. चौकटीसकट."

"राहू दे ना, सर."

"दाखव म्हणतो ना."

तिनं चित्र लहान केलं. पट्टी खालून वर आली. सर पडद्यापाशी गेले आणि पट्टीवर बोट ठेवलं.

"वाचा कुणीतरी."

कुणालाच वाचता येईना. मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं आणि कुजबुज थांबली.

"हिचं बरोबर होतं," सर म्हणाले. "माझी स्लाइड उलटी होती. ठिपका मी चिकटवला होता, चुकीच्या कोपऱ्यात. सुई उजव्या हातात आहे. आरसा-बिरसा काही नाही."

"म्हणजे चित्र बाईनं काढलं, तेही..." विभागप्रमुख चाचरले.

"तेही गेलं."

ठिपकानं चित्र सुलटं केलं. तिचे डोळे भरले होते. ती सरांकडे अशी बघत होती की त्यांना ते सहन होईना.

"अशी बघू नकोस," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नाही केलं. ती पानं सुलटी कर आणि बोल पुढं."

ते जागेवर येऊन बसले. बायकोनं पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "सकाळीच फोन उचलला असता तर?" उचलला असता तर मंचावर ती बातमी सरांनीच सांगितली असती, तिच्या शेजारी उभं राहून. ती त्यासाठीच फोन करत असणार, तेवढी ती मनानं मोठी होती.

ठिपकानं पानं उलटली, घोटभर पाणी प्यायली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कार्टी फार छान बोलली. सरांनी दात आवळून शेवटपर्यंत ऐकलं.