पन्नासची बाजू

पन्नास भागिले सहा. आठ, वर थोडं उरतं.

तळ्याच्या पायऱ्या चौदा. चौदावी पाहिलेली माणसं गावात दोनच उरली आहेत, आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही.

पांढरी साडी, कडक इस्त्रीची. तिच्यावर ग्रीसचा डाग पडला की जात नाही.

नारळ फोडायला खाली धार लागते. सपाटावर तो घरंगळतो.

आपट्याची पानं पंख्याने उडतात, म्हणून त्यांच्यावर एक मोठा नट ठेवायचा.

"आज तिले हात लावू नोको. आज ती पाटावर बसली हाय."

चौथी पायरी

आता सरळ सांगायचं तर असं झालं.

साकोलीत हायवेला लागून भैय्यालाल कापगतेंचं वर्कशॉप आहे. धानाच्या कोठ्या, कूलरचे ट्रे, दुकानांचे पत्रे, असलं काम. दुकानात एकच मोठी मशीन: पत्रा वाकवायची, ऐंशी टनांची, आठ फूट लांब. वरून पंच उतरतो, खाली डाय असते, डायच्या व्हीसारख्या खाचेत पत्रा दाबला जातो आणि वाकतो. ती मशीन कामिनी मेश्राम चालवते. आयटीआय करून आली तेव्हा गिऱ्हाइकं विचारायची, "मिस्त्री कुठी गेला?" आता विचारत नाहीत.

त्या दिवशी दसरा होता. भैय्यालालने मशीनला झेंडूचा हार घातला होता, समोर रांगोळी काढली होती, आणि डायवर नारळ फोडून झाला होता. कामिनी हळदकुंकवाला हात लावत नाही. ती सकाळी येते, मशीन पुसते, डाय फिरवून देते, चहा पिते आणि साडेअकराच्या गाडीने दीक्षाभूमीला, नागपूरला जाते. अकरा वर्षांचा रिवाज. दोघांचाही सण एकाच दिवशी, आणि दोघांनीही त्यावरून कधी तोंड वाजवलं नव्हतं.

तेवढ्यात तेजराम आला. फटफटी उभी करायचंही भान नव्हतं. ती आडवी पडली, तो तसाच आत. सानगडीच्या पलीकडे कामिनीच्या माहेरच्या गावचा तो पाटकरी, म्हणजे तळ्याचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या तुकड्यात, किती वेळ जायचं ते ठरवणारा माणूस. गुडघ्यापर्यंत चिखल. खांद्यावर गंजलेल्या लोखंडाचा एक वाकडा तुकडा.

"पोरी, फाटक गेलं."

"कोणाचं, मामाजी?"

"तऱ्याचं. माह्याच हातानं गेलं." त्याने तुकडा खाली टाकला. "चाक फिरत नोयतं. मी चाकात पाइप घातला अन् जोर लावला. फाटक ज्याच्यात सरकते ते डाव्या बाजूचं चॅनल फाटलं. फाटक तिरपं होऊन अडकलं, ना वर ना खाली. पाणी चाल्लं नाल्यात. चौथी पायरी उघडी पडली. सकाळी दोनच होत्या."

कामिनीने हातातला कप ठेवला. चौथी म्हटल्यावर तिला पुढचं सांगावं लागत नव्हतं. आठवी पायरी उघडी पडली, की शेवटच्या बांध्यांना पाणी चढत नाही. पाट तिथे उंच आहे. भारी, उशिरा पिकणारा धान नुकता निसवला होता, लोंबीत दूध भरत होतं. एक पाणी हवं होतं, शेवटचं. ते मिळालं नाही तर लोंबी उभी राहते, पण आत काही नसतं. आणि अगदी शेवटची बांधी होती मालनबाईची. कामिनीच्या मायची.

पाचवी

"आजच्या दिवशी?" भैय्यालाल म्हणाला. "तेजरामभाऊ, उद्या या ना जी. सकाळी पाचला उघडतो."

"उद्या तरं नाही राहणार."

"भंडाऱ्याले जा."

"कोणाचं दुकान उघडं हाय आज? सबन पूजेत बसले. तुमचा दरवाजा उघडा दिसला म्हणून आलो."

"बाजारातलं तयार चॅनल बसवा मग."

हे कामिनीनेच उडवून लावलं. "त्याले आतून उतार राह्यते. फाटक सरकत नाही. सरळ भिंतीचं पायजे, वाकवूनच करा लागते." ती खाली बसून तुटक्या तुकड्याचं माप घेत होती. "प्लेट सहा एमएमची. लांबी चार फूट. मामाजी, हे इथं जोडलेलं होतं का?"

"हो. सांध्यावरच फाटलं. फाटक वर-खाली होताना तिथंच ठेचकायचं. आता सांधा नोको. अख्खं पायजे."

"अख्खं," कामिनी म्हणाली, आणि साडीचा पदर कमरेला खोचला.

भैय्यालालने ते पाहिलं आणि हार घातलेल्या मशीनकडे बोट केलं. "कामिनी, आज ती पाटावर बसली हाय."

"तुमची बसली असन, भैय्याजी. माही ड्यूटीवर हाय."

"हसण्यावारी नेऊ नोको."

"मी कुठी हसून राहिली?"

खरंच ती हसत नव्हती.

सहावी

डाय म्हणजे एक लांब चौकोनी ठोकळा, चार बाजूंना चार मापांच्या खाचा: सोळा, बावीस, पस्तीस, पन्नास मिलिमीटर. जो पत्रा वाकवायचा त्याच्या जाडीच्या आठपट खाच घ्यायची, हा नियम. सहाच्या प्लेटला अठ्ठेचाळीस, म्हणजे पन्नासची. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पन्नासची बाजू वरच होती, नारळाच्या पाण्याने ओली.

कामिनीने झेंडूच्या पाकळ्या काढल्या, खाच फडक्याने पुसली. आणि पुसता पुसता तिचं बोट थांबलं.

खाचेच्या तळाशी गंज होता. मधोमध, फूटभर. नुसता लाल नाही. बोटाला खडे लागत होते. दुकानात दीड-दोनच्या वरचा पत्रा येत नाही, पन्नासची बाजू वर्षभर खाली तोंड करून पडलेली असते. वर्षातून एकदा वर येते, तिच्यात नारळ फुटतो, आणि दसऱ्याच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही म्हणून ते पाणी रात्रभर तिथंच मुरतं. दुसऱ्या दिवशी ठोकळा फिरतो. अकरा दसरे.

"रॉकेल द्या," ती म्हणाली.

"रॉकेल कुठचं आता? डिझेल हाय."

"तेच द्या."

तिने खाचेत डिझेल चोळलं, थोडं थांबली, कोरडं पुसून काढलं. मग मशीनपुढच्या रांगोळीची मूठ भरली.

"अवं, ते कायले..." भैय्यालाल पुढे झाला.

रांगोळी भुरभुरून खाचेत पडली, पांढरी, सारखी. तिघंही वाकून पाहत राहिले. काही वेळ काहीच झालं नाही. मग त्या पांढऱ्यात एक काळी रेघ उगवली. केसाएवढी. भेगेत शिरलेलं डिझेल परत वर येत होतं आणि रांगोळी भिजवत होतं. रेघ फूटभर चालली आणि थांबली.

"फाटली हाय," कामिनी म्हणाली.

भैय्यालालने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ठेवली.

सहावी, अजून सहावीच

फोन. मालनबाई. मागे माणसांचा ओरडा, पाण्याचा आवाज.

"कामिने, पोते टाकून राहिलो आम्ही. टाकला का पोता आत ओढून नेते पाणी. नत्थूचा हात अडकला होता, काढला. तू गाडीत बसली का?"

"नाही, माय."

"काहून?"

"चॅनल करून राहिली."

"बरं." मग जरा थांबून, "पायरी पाहू का?"

"पाहा. मले सांगत राहा."

सातवी

पस्तीसची बाजू धड होती. भैय्यालाल तिच्यावर अडून बसला.

"पस्तीसमध्ये दाब ना. थोडी टाइट जाईन."

"चार फुटाले पन्नासमध्ये पंचावन्न टन लागते. पस्तीसमध्ये ऐंशी."

"मशीन ऐंशीचीच हाय."

"पाटीवर. सील किती जुने हाय तुम्हाले मालूम हाय. सत्तरीलेच घरघर करते. अर्ध्यात थांबली तर? प्लेट एकच हाय, भैय्याजी, शेडच्या कामातून उरलेली. अर्धवट वाकलेली प्लेट ना इकडची ना तिकडची."

"मग पन्नासमध्येच दाब. भेग केसाएवढी त हाय."

"पंचावन्न टन भेगीवर? ठोकळा उलला तर तुकडा कुठी जाईन?" तिने स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं. मशीनपुढे ती तिथेच उभी राहते.

 वेळ जातच होता. ठोकळा आठ फुटांचा. भेग मधोमध, एक फूट. डावीकडे साडेतीन फूट धड, उजवीकडे साडेतीन फूट धड. आणि प्लेट चार फूट. कामिनीने टेप लावला, काढला, पुन्हा लावला, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर लोखंड वाढणार होतं. अर्धा फूट. अर्ध्या फुटासाठी एक अख्खं तळं नाल्याला लागलं होतं.

तेजराम भिंतीला टेकून खाली बसला होता. "तीस वर्सं झाले," तो कोणालाच उद्देशून बोलत नव्हता. "तीस वर्सं एका बोटाचा फरक नाही केला कोणाच्या पाण्यात. आज पाइप घातला. घाई कायची होती मले? सोनं वाटायले जायचं होतं."

साडेअकराची गाडी केव्हाच गेली होती. हायवेवर एक ट्रक गेला, निळे झेंडे लावलेला, आतून घोषणा. कामिनीने मान वर केली नाही.

मग तिने एक प्रश्न विचारला. तो तासाभरापूर्वी विचारायला हवा होता, हे तिला विचारतानाच कळलं.

"मामाजी, फाटक पुरं वर कधी नेता तुम्ही?"

"पुरं?"

"हो. अगदी वरच्या टोकापर्यंत."

तेजराम बोटं मोजायला लागला. एका बोटावर थांबला. ते बोटही मिटलं. "नाही नेत. अर्ध्याच्या वर कोण नेते? पूर आला तर पाणी सांडव्यानं जाते. नाही, पोरी. पुरं वर कधीच नेलं नाही."

"म्हणजे वरचा अर्धा फूट फाटक पाहतच नाही."

"नाही पाहत."

"मग सांधा तिथं आला तर?"

तेजरामने तिच्याकडे पाहिलं. मग भैय्यालालकडे. मग उठून उभा राहिला.

गॅस कटर भैय्यालालने स्वतः पेटवला. साडेतीन फूट आणि अर्धा फूट. कापलेला काठ कडक होतो, वाकवताना तिथूनच चिरतो, म्हणून ग्राइंडरही त्यानेच फिरवला. दसऱ्याच्या दिवशी. ठिणग्या हारावर उडाल्या आणि झेंडू करपल्याचा वास सुटला. 

सातवी, अर्धी

साडेतीन फुटांची प्लेट आता डावीकडच्या धड भागात मावत होती. पण प्लेट अशी एका टोकाला ठेवून दाबायची नसते. सगळा जोर एका बाजूला येतो, वरचा पंच तिरका उतरतो, वाक एकीकडे नव्वद अंशांचा आणि दुसरीकडे चौऱ्याण्णवचा येतो. कामिनीने तो अर्ध्या फुटाचा तुकडा उजव्या टोकाला ठेवला, तेवढाच आधार म्हणून. पुरेसा नव्हता. डावीकडे डायखाली टिनाच्या पट्ट्या सरकवल्या, एक, मग दुसरी. मधली भेग रिकामी राहिली. तिच्यावर फक्त रांगोळी होती.

"मांगं सरा," ती म्हणाली.

"तू?"

"पॅडल माह्या पायानंच चालते."

पंच उतरला. टेकला. मशीन घरघरली, तेलाच्या पाइपात थरथर आली. प्लेट हलली नाही, हलली नाही, आणि मग एकदम कळायला लागलं की काठ वर येतोय. तिने कोनमाप लावलं. डावीकडे नव्वद. उजवीकडे एक्क्याण्णव. चालेल. पाण्यात चालेल.

प्लेट फिरवली. दुसरा वाक. पन्नास टनांच्या आसपास काटा गेला असेल तेव्हा मधून आवाज आला. टक्. फार मोठा नाही. भाजलेला चणा दाताखाली फुटावा तेवढा. काळी रेघ रांगोळीतून डावीकडे चार बोटं पुढे आली. प्लेटच्या काठाखाली शिरली.

"काढ पाय!" भैय्यालाल ओरडला. "कामिनी, पाय काढ!"

तिने नाही काढला. कोनमापाकडे पाहत राहिली. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. तिला माय दिसत नव्हती, तळं दिसत नव्हतं. फक्त ती रेघ, आणि रेघ अजून एक बोट सरकली तर आपण काय करू हे माहीत नसणं.

नव्वद.

तिने पाय काढला.   भैय्यालालने खुर्ची आणली. ती बसली नाही. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून वेल्ड होईपर्यंत तिने मशीनला धरून ठेवलं, आणि साडीवर ग्रीसचा पंजा उमटला तो तिला संध्याकाळी दिसला.

'छोटा हत्ती' टेम्पोत मागे चॅनल, चॅनलवर तेजराम बसलेला, जणू ते उडून जाईल. पुढे भैय्यालाल आणि कामिनी. सगळ्या रस्त्याला कामिनी गावात फोन लावत राहिली, कोणी उचलला नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. दगडाच्या खाचेत चॅनल वरून सोडलं. पाण्यात उतरून चौघांनी फाटक दोराने ओढून सरळ केलं. पाचर ठोकली. तेजरामने चाकाला हात लावला आणि काढला. "तूच फिरव," तो कामिनीला म्हणाला. तिने फिरवलं. फाटक सरकलं, मऊ, जणू तिथेच जन्मलेलं. नाल्याचा आवाज बारीक झाला आणि थांबला. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेली माणसं आपट्याची पानं काढून एकमेकांना द्यायला लागली. कोणीतरी कामिनीच्या हातातही ठेवली.

मालनबाई पायऱ्यांवर उभी होती. पाण्यात नाही, पाण्याच्या वर.

"माय?"

"आठवी हाय," मालनबाई म्हणाली. "ओली हाय. पण उघडी हाय."

दोघींनी त्या पायरीकडे पाहिलं. पाणी तिच्याखाली दोन बोटं होतं, अगदी संथ, वर एक झेंडूची पाकळी. पलीकडे शेवटच्या बांध्यांतला धान हिरवागार उभा होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"भैय्याजींच्या नारळानं खाल्लं आपल्याले," कामिनी म्हणाली. भैय्यालाल मागेच उभा होता. त्याने ऐकलं आणि मान खाली घातली.

अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या दसऱ्याला, नारळ कुठे फोडू असं भैय्यालालने विचारलं होतं, आणि कामिनीने पन्नासची बाजू वर करून दिली होती, कारण ती कधी लागत नाही.