ओटीचा फोटो

अरुंधतीनं आधी स्वतःचं तोंड ओळखलंच नाही. एवढं मोठं तोंड माणूस स्वतःचं कधी बघतो? जर्मनीतल्या कील शहराच्या पूर्व धक्क्यावर, फेरीबोटीच्या थांब्याशेजारी, दाराएवढ्या फलकावर एक बाई हसत उभी होती. कपाळाला कुंकू, हातात नारळ. समोर एक गोरी बाई, पदर नाही म्हणून कोटाचाच पदर करून वाकलेली. मग त्या हसणाऱ्या बाईच्या मागं अरुंधतीला आपला कुकर दिसला.

"मामा, दास बिस्ट दू!" आई, ही तर तू! ओवी टाळ्या पिटत ओरडली. आठ वर्षांची पोर, आईचा फोटो बघून खूश. आईला मात्र खालची अक्षरं वाचता येत होती. 'शेजारी आमचं स्वागत करतात.'

थांब्यावरच्या दोघी-तिघींनी फलकाकडं बघितलं, मग अरुंधतीकडं बघितलं, मग मान फिरवली.

झालं होतं ते असं. धक्क्यावरची जुनी गोदामं आणि त्याला लागून असलेल्या भाड्याच्या इमारती पाडायच्या आणि तिथं मोठं केंद्र उभं करायचं, असा एका कंपनीचा बेत होता. दुकानं, सिनेमा, बारा महिने लाटांत डुंबायला काचेखालचा तलाव. समोर फुकटचा समुद्र पडलाय आणि ह्यांना आत लाटा पाहिजेत. उन्हाळ्यात बोटीतून हजारो माणसं उतरतात, शहरात पाय ठेवायला जागा नसते, ती माणसं इथं येऊन खर्च करतील, असं त्यांचं गणित. आणि राहणाऱ्यांनी कुठं जायचं? त्या गावात एक खोली रिकामी झाली तर बघायला येणाऱ्यांची रांग जिन्यावरून रस्त्यावर येते.

अरुंधती मोहिते त्याच पाडायच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती. नवरा प्रताप सॉफ्टवेअरमध्ये. इस्लामपूरहून पुण्याला, पुण्याहून इकडं, असा त्यांचा प्रवास. कायमचा परवाना अजून हातात नव्हता. होतं ते ब्लू कार्ड, नोकरीपुरता राहायचा परवाना, तेही नोकरीवर टांगलेलं. नोकरी गेली की दुसरी शोधायला थोडे महिने, नाहीतर बॅगा भरायच्या.

कंपनीची माणसं घरोघर फिरत होती. अरुंधतीच्या दारात लोरेंझ नावाची बाई आली, सोबत फोटोवाला. दिवस नेमका नवरात्रातल्या शुक्रवारचा. घट बसलेले, समई तेवत होती. सासूबाई सकाळीच फोनवर म्हणाल्या होत्या, "परदेश असला म्हणून काय झालं, आज दारात सवाष्ण आली तर रिकामी पाठवू नकोस गं."

बाईच्या बोटात लग्नाची अंगठी होती. आता अरुंधतीनं काय करावं? आत बोलावलं, चहा केला. बाई लाटांच्या तलावाबद्दल बोलत होती आणि अरुंधती मनात तांदूळ कुठल्या डब्यात ठेवलेत ते आठवत होती. ब्लाऊजपीस सापडेना, तेव्हा जहाजांची नक्षी असलेला नवा रुमाल घेतला. कुंकू लावलं, ओटी भरली. त्या बाईला नारळ कसा धरायचा कळेना, बाळ धरल्यासारखा धरून बसली. दोघी पोट धरून हसल्या. फोटोवाल्यानं ओटी भरतानाच विचारलं होतं, काढू का? अरुंधती म्हणाली, काढा की. एवढंच.

फलक लागला त्या दिवसापासून जिना बदलला. आधी येता-जाता 'मॉइन' म्हणून रामराम करणारी माणसं आता खिशात किल्ली शोधत बसायची. दुसऱ्या मजल्यावरचा लांबडा म्हातारा तर ती येताना दिसली की दार लावून घ्यायचा, आणि कडी लागल्याचा आवाज मुद्दाम मोठा.

तेवढं चाललं असतं. पण खाली तळमजल्यावर येन्सन आजी होती. रेनाटे येन्सन, अठ्ठ्याहत्तरची. त्याच घरात जन्मली, तिथंच नवरा वारला. मोहिते मंडळी नवीन आली तेव्हा ओवीला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. ह्या आजीनं तिला मांडीवर घेऊन बोलायला शिकवलं, सायकल शिकवली. शाळा सुटली की ओवी तिच्याकडं जायची, अरुंधती संध्याकाळच्या भाषेच्या वर्गाहून येईपर्यंत.

एक दिवस ओवी बाहेर जिन्यावरच बसलेली. दप्तर मांडीवर, नाक लाल.

"अगं, इथं काय करतेस थंडीत?"

"ओमा हाट गेझाग्ट, हॉयटे निष्ट." आजी म्हणाली, आज नको.

"का?"

ओवीनं खांदे उडवले. दुसऱ्या दिवशीही 'आज नको'. तिसऱ्या दिवशी अरुंधतीनं स्वतः घंटी वाजवली. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. दार उघडलं नाही. बाई आत उभी आहे, दाराला कान लावून, हे अरुंधतीला बाहेरून कळत होतं. आतलीलाही बाहेरची कळत असणार. दोघी दोन बाजूंना श्वास धरून उभ्या राहिल्या, आणि शेवटी अरुंधतीच जिना चढून वर गेली.

मग एका सकाळी पायपुसण्यावर फुटका नारळ सापडला. नीट दोन भकलं नव्हती, हातोडीनं चेचलेला, पाणी वाळून चिकट डाग पडलेला. अरुंधतीनं त्याला हात लावला नाही. तिच्या माहेरी कुणी असं दारात टाकलं तर आई चिमट्यानं उचलायची आणि चार दिवस पोरांना बाहेर सोडायची नाही. इथल्या माणसाला त्यातलं काय ठाऊक? त्यानं फक्त फोटोतला नारळ बघितला आणि दुकानातून एक विकत आणला. म्हणजे मुद्दाम दुकानात गेला, पैसे मोजले, घरी आणून चेचला, आणि ती झोपलेली असताना दाराशी येऊन उभा राहिला. ह्याच्यापेक्षा करणी परवडली, असं तिला वाटलं.

"पोराटोरांचं काम असेल," प्रताप म्हणाला. पण त्यानं त्याच दिवशी दाराला साखळी आणून बसवली.

"प्रताप, मी लोरेंझबाईला फोन करते. म्हणते, फलकावरचा फोटो काढून टाका."

"थांब जरा." तो खाली बसला. "त्या केंद्राची तिकिटांची सिस्टिम कोण करतंय माहितेय? आम्ही. आमच्या साहेबानं, क्रूझेनं, मला त्याच कामावर टाकलंय. तुझा फोटो बघून तो म्हणाला, तुमच्या मिसेस फार छान. सगळ्यांसमोर म्हणाला."

"आणि तू काय म्हणालास?"

"डांके म्हणालो, आभारी आहे. दुसरं काय म्हणणार?"

"आपलंही घर पाडणार आहेत, प्रताप."

"घर दुसरं बघू. नोकरी गेली तर कुठल्या देशात बघणार?"

अरुंधतीनं फोन बाजूला ठेवला. त्या दिवसापासून ती कामं करायची ती कान दाराकडं ठेवून. जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं लाटणं थांबायचं.

नोव्हेंबरात रहिवाशांची सभा ठरली, शाळेच्या व्यायामशाळेत. चार वाजताच अंधार पडलेला, वारा असा की खाडीचं पाणी रस्त्यावर. शेजारी राहणाऱ्या ईप्सिता नावाच्या विद्यार्थिनीकडं ओवीला ठेवलं आणि दोघं गेले. जाताना प्रतापनं दोनदा बजावलं, "आपण मागं बसायचं. ऐकायचं. बोलायचं नाही."

"मी कुठं बोलतेय. मला तरी कुठं धड बोलता येतंय."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत सुटाबुटातली माणसं, त्यात क्रूझे. मागं धक्क्यावरची सगळी, ओल्या कोटांचा वास येत होता. येन्सन आजी मध्येच बसलेली, शेजारच्या खुर्चीवर पिशवी. तिनं अरुंधतीला बघितलं आणि पिशवी तिथंच राहू दिली.

भांडण चांगलंच पेटलं. कुणी म्हणालं, पोरांना काम मिळेल. कुणी म्हणालं, कसलं काम, तिकिटं फाडायचं? एका बाईनं विचारलं, आमच्या गल्लीत आत्ताच गाडी लावायला जागा नाही, तुमचे पाहुणे काय पोहत येणार? हशा झाला. बेकरीवाला तुर्की माणूस म्हणाला, "माझं दुकान पाडून मला तुमच्या दुकानात भाड्यानं गाळा देणार. आल्झो, म्हणजे माझीच भाकरी मला विकणार!" त्यावर टाळ्या.

कंपनीचा माणूस मंचावर होता. गोड बोलणारा, केसांना तेल लावल्यासारखी चमक. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बटण दाबलं. मागच्या पडद्यावर अरुंधती उगवली. फलकापेक्षाही मोठी, भिंतभर. नारळ बैलगाडीच्या चाकाएवढा.

"घाबरवणारे पुष्कळ बोलले," तो म्हणाला. "पण तिथं राहणारी सगळीच माणसं घाबरलेली नाहीत. हे कुटुंब बघा. त्यांच्या परंपरेप्रमाणं त्यांनी आमचं स्वागत केलं. फ्राऊ मोहिते आल्या आहेत का? दोन शब्द बोलाल?"

 प्रतापनं अरुंधतीच्या कोटाची बाही धरली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "फेरकाउफ्ट." विकली गेलेली. तोवर एक पोरगी माईक घेऊन येऊन उभीही राहिली. पुढून क्रूझेनं वळून बघितलं, हसला आणि मान हलवली, बोला बोला म्हणून.

ती उठली. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. प्रतापनं बाही सोडली नव्हती. ती ओढली गेली तेव्हा सुटली.

"नारळ मीच दिला," ती म्हणाली. जर्मन मोडकंतोडकं, क्रियापदं कुठंही पडत होती. "फोटो खरा आहे."

मागं कुजबुज वाढली.

"नवरात्र होतं. आमच्यात तेव्हा दारात जी बाई येते ती देवी. श्रीमंत, गरीब, चांगली, वाईट, बघायचं नसतं. तिला देतात. ही बाई आली, हिला दिलं. माझं घर पाडायला आली होती, तरी दिलं. कारण ती आली होती." श्वास लागला. "मी नारळ दिला. घर नाही दिलं. खाली फ्राऊ येन्सन राहते, तिचं तर अजिबात नाही दिलं. ते माझं नव्हतंच."

कंपनीचा माणूस हसला. "किती सुंदर संस्कृती. पण फ्राऊ मोहिते, आमच्या फ्राऊ लोरेंझनी तुम्हाला प्रकल्पाची सगळी माहिती दिली होती, आणि तुम्ही आनंदात होता. बरोबर ना?"

सगळी सभा मंचाच्या कडेला बसलेल्या लोरेंझबाईकडं वळली. बाईचं तोंड मानेपासून लाल होत गेलं.  माईकमधून फक्त हीटरची घरघर ऐकू येत होती.

"मी माहिती दिली," शेवटी ती म्हणाली. "त्यांना मान्य आहे का, ते मी विचारलंच नाही. त्या आमच्या बाजूच्या आहेत असं मला त्यांनी कधीच सांगितलं नाही."

"बिल्ड वेक," अरुंधती म्हणाली. फोटो काढून टाका. आवाज फाटला, तरी परत म्हणाली. "बिटे, प्लीज. बिल्ड वेक."

त्या माणसानं बटण शोधलं. घाईत चुकीचं दाबलं, तलावाचा फोटो आला, मग परत तीच आली, मग पडदा पांढरा झाला. बेकरीवाला उठून उभा राहिला, त्याच्यामागं आणखी चार-पाच. पण अरुंधतीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती क्रूझेच्या पाठीकडं बघत होती. त्यानं कोट उचलला आणि बाजूच्या दारानं निघून गेला.

बाहेर वाऱ्यात प्रताप फोन हातात धरून उभा होता. क्रूझेचा निरोप आलेला. सोमवारी सकाळी माझ्या खोलीत या.

"रागावलास?" तिनं विचारलं.

"घाबरलोय," तो म्हणाला. "रागवायला ताकद कुठं उरलीय."

मागून कुणीतरी तिच्या दंडात हात घातला. येन्सन आजी. माफी नाही, काही नाही. म्हणाली, "रस्ता निसरडा आहे. नीट धर मला." तिघं घरापर्यंत एकमेकांना धरून गेले.

सोमवारी प्रताप गेला तेव्हा अरुंधतीनं डाळ शिजायला ठेवली आणि गॅसजवळ उभी राहिली. डाळ लागली तरी तिला वास आला नाही. दुपारीच जिन्यात त्याची पावलं वाजली. इतक्या लवकर. दार उघडताना तिचे हात साखळीत अडकत होते.

"नोकरीवरून काढलं नाही," तो आत न येता म्हणाला. "त्या कामावरून बाजूला केलंय. क्रूझे ओरडला नाही, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाला, मार्चपर्यंत दुसरीकडं बसा, पुढचं मार्चला बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू, अरू. मला काय माहीत."

तिनं गॅस बंद केला, त्याला पाणी दिलं आणि खाली गेली. घंटी वाजवायच्या आधीच तळमजल्याचं दार उघडलं. आजी मागं उभीच होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"उंड?" मग?

"मार्च," अरुंधती म्हणाली.

आजीनं मान हलवली. "केंद्राबद्दल नगरपालिकेचा निर्णयही मार्चलाच. आज पेपरात आलंय."

 वर प्रताप खुर्ची ओढत असल्याचा आवाज आला. वारा जिन्याच्या खिडकीतून आत घुसत होता, आजी सुती झग्यात कुडकुडत होती, तरी तिनं दार लावलं नाही आणि अरुंधतीही वर गेली नाही. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना तशाच उभ्या राहिल्या, कारण आत जाऊन एकटं बसायची छाती दोघींनाही होत नव्हती.